यंदा आमच्या गल्लीचा बडग्या कशाचा?

महालकर_काका
पोळा दहा दिवसांवर आला अन् आमच्या गल्लीचा बडग्याचा विषय अजून ठरून नाही राहिला. काल रात्री साडेनऊला ओट्यावर बैठक बसली. बैठक म्हणजे सहा प्लास्टिकच्या खुर्च्या, बाकीचे गाड्यांच्या सीटवर, अन् वरून गॅलरीतून बायकांच्या सूचना. दोन तास चालली. ठरलं एवढंच, की वर्गणी घरटी दोनशे.

बाहेरगावच्या सभासदांसाठी थोडक्यात सांगतो, नाहीतर दरवर्षी कोणीतरी विचारतंच. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे तान्ह्या पोळ्याला (लेकरांचा, लाकडी बैल ओढायचा पोळा), नागपुरात मारबत निघते. मानाच्या दोन, इतवारीतली काळी १८८१ पासूनची अन् जागनाथ बुधवारीतली पिवळी १८८५ पासूनची. त्या ज्यांच्या त्यांच्या, त्यात आपण बोट घालायचं नाही. आपल्यासारख्या गल्लीबोळातल्यांचा हक्क बडग्यावर. मारबत बाई, बडग्या बुवा. वर्षभर ज्याने छळलं त्याचा पुतळा करा, गळ्यात पाटी लटकवा, मिरवणुकीत नाचवा अन् शेवटी जाळून टाका. आमची गल्ली पेपरात येत नाही. आली तर चोरी झाली म्हणून येते. गल्लीची खरी बातमी बडग्याच्या पाटीवर असते.

यंदा तीन पार्ट्या आहेत. पहिली, सिमेंटचा रस्ता. उन्हाळ्यात झाला, दिसायला झक्कास, पण घरांच्या उंबरठ्याच्या वर गेला, अन् या पावसाळ्यात तीनदा आमच्या ओळीत पाणी शिरलं. मी स्वतः रात्री दोनला गादी डोक्यावर घेऊन उभा होतो. दुसरी पार्टी मोकाट कुत्र्यांची. तिसरी पोट्ट्यांची, त्यांना कुठलातरी रील बनवणारा बडग्या करायचा आहे, तो कोण ते मला माहीत नाही.

बाकी खबरा: कोपऱ्यावरचा कडुनिंब आषाढातल्या वाऱ्यात पडला. माणूस वाचला, स्कुटर गेली. चक्कीवाल्यांची मुलगी सीए झाली, आख्ख्या गल्लीत संत्रा बर्फी. जुनं किराण्याचं दुकान उठलं, तिथे आता मोबाईलची कव्हरं मिळतात. म्हणजे सुतळीचा गुंडा घ्यायला आता बडकस चौकापर्यंत जा.

तुमच्याकडे काय चालू आहे? विषय सुचवा.

तर्रीपोहे
काका, विषय कशाला शोधता, पोह्यावरची तर्री पातळ झाली तिचा काढा ना बडग्या. पाणी शिरलं ते तुमच्या घरात नाही, आमच्या तर्रीत शिरलं.

बर्डीचा_बब्या
हौ ना बाप्पा. अन् चणे मोजून टाकून राहिले आता.

इतवारीची_सून
काका, आमच्याकडे गेल्या वर्षी डेंगूचा डास होता. बारा फूट. सोंड केली होती कूलरच्या जुन्या पाइपाची, अन् पंख जुन्या मच्छरदाणीचे. मिरवणुकीत तो एवढा गाजला की पुढे आठ दिवस लोक मला 'मच्छरवाल्या वहिनी' म्हणत होते.

लग्न होऊन आले तेव्हा मला या सगळ्याची भीती वाटायची. मी अमरावतीकडची, आमच्याकडे पोळा मोठा, पण असे पुतळे नाहीत. पहिल्या वर्षी सासूबाई मला पिवळ्या मारबतीच्या दर्शनाला घेऊन गेल्या. जाळायची ती बाई अन् तिची ओटी भरायची, हे काही डोक्यात शिरेना. सासूबाई म्हणाल्या, "अगं, घरची पीडा घेऊन जाणार आहे ती. रिकाम्या हाती कशी पाठवायची?" अजूनही दरवर्षी जाते. लेकराला खोकला असला की त्याला पुढे उभं करते.

तर मुद्द्याचं. दहा दिवस कमी आहेत. बांबूच्या कामट्या आजच आणून भिजवा, नाहीतर वाकवताना तुटतात. आत तणस भरा, गादीचा कापूस भरू नका, पावसात तो असा जड होतो की बडग्या कमरेत मोडतो (अनुभव). रद्दीचे निदान तीन थर, मैद्याची खळ, अन् खळीत थोडं मोरचूद, नाहीतर उंदीर एका रात्रीत चेहरा खातात. मोरचूद विषारी असतं, लेकरांचे हात त्यात घालू देऊ नका. पाटी मात्र लेकरांकडून लिहून घ्या. मोठ्यांच्या पाट्या लांबतात.

पुण्यातला_नागपूरकर
वाचून घर आठवलं. इथे पोळ्याची सुट्टी तर सोडाच, आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर मी 'तान्हा पोळा' लिहिलं तर एकीने विचारलं, ही कुठली पुरणपोळी?

एक मदत हवी आहे. आमच्याकडे आजोबांनी घेतलेला लाकडी नंदी आहे. सागवानी, दीड फूट उंच, पाठीवरची झूल रंगवलेली, शिंगांना पितळी टोपणं. माझ्या बाबांनी ओढला, मी ओढला, आता माझी मुलगी पाच वर्षांची झाली तिला ओढायचा आहे. पण पुढची दोन चाकं तडकली आहेत. पुण्यात सुताराला दाखवला तर तो म्हणाला शोपीस म्हणून ठेवा. नागपुरात कोणी दुरुस्त करून देईल का? पुढच्या आठवड्यात भाऊ येतोय, त्याच्यासोबत पाठवू शकतो.

इतवारीची_सून
आधी पाठवायला हवा होता हो भाऊ. चितारओळीत आता कोणी हात लावणार नाही. पोळ्यानंतर चौथ्या दिवशी गणपती, सगळे मूर्तींच्या मागे. तरी विचारते.

काटोलकर
राम राम मंडळी. तुमचा लाकडाचा पोळा वाचून गंमत वाटली. आमच्याकडे अजून खऱ्या बैलांचा आहे, पण बैलच राहिले नाही. मी पोट्टा होतो तवा तोरणाखाली ऐंशी-नव्वद जोड्या उभ्या राहायच्या. मागच्या वर्षी मोजल्या, चौदा. त्यातल्या दोन भाड्याच्या. बाकीच्यांनी ट्रॅक्टर धुवून आणले, त्यायले झूल घातली. हसू नका, ट्रॅक्टरची बी पूजा होतेच.

पण रीत सोडली नाही. आदल्या दिवशी खांदशेकणी. हळद अन् तूप लावून बैलाचे खांदे शेकायचे, अन् त्याच्या कानात म्हणायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." वर्षभर चाबूक खाल्लेल्या जनावराले एक दिवस पाव्हण्यासारखं बोलावणं. मी म्हणतो तवा मलेच लाज वाटते. पोळ्याच्या दिवशी दारात पळसाच्या फांद्या, मेढे लावतो. दुसऱ्या दिवशी झुंजुमुंजूले ते उपटून शिवेबाहेर नेऊन टाकायचे, "ईडा पिडा घेऊन जाय गे मारबत" वरडत. तुमच्या नागपूरवाल्यांची मारबत पुतळ्याची, आमची पळसाची.

यंदा खबर बरी नाही. संत्र्याची आंबिया बहाराची फळं गळून राहिली. झाडाखाली हिरवी चादर दिसते, दिसायले सुंदर, अन् पोटात गोळा. पाऊस थांबत नाही, बुरशीचं औषध मारलं की धुवून जाते. आमच्या गावाचा बडग्या असता तर फळगळीचाच असता.

काकांच्या रस्त्यासाठी एक झडती पाठवतो. पोळ्यात तोरणाखाली म्हणतात तशी.

चाक रे चाक, बंडीचं चाक,
रस्ता झाला उंच, घराले आला वाक,
नालीवर ओटा, ओट्यावर गाडी,
पाणी पुसे काकाले, कुठी तुही माडी?
एक नमन गौरा पारबती, हर बोला हर हर महादेव!

महालकर_काका
वा! पाटीवर हीच टाकतो. फक्त ती 'नालीवर ओटा' वाली ओळ कशाला घातली? नालीचा इथे काय संबंध.

जुने_कागद
धागा चांगला चालला आहे, पण दरवर्षीप्रमाणे यंदाही कोणीतरी येऊन "काळी मारबत म्हणजे बाकाबाई, इंग्रजांना फितूर झाली म्हणून जाळतात" असं लिहिणार. त्याच्या आधीच मी लिहितो.

बाकाबाई नागपूरच्या दुसऱ्या रघुजी भोसल्यांची राणी. रघुजी १८१६ मध्ये गेले. पुढच्याच वर्षी गादीवर आलेल्या त्यांच्या पुतण्याचं, आप्पासाहेबांचं, इंग्रजांशी बिनसलं, नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीची लढाई झाली अन् नागपूरचं राज्य हातचं गेल्यात जमा झालं. आप्पासाहेबांना काढून इंग्रजांनी रघुजींच्या मुलीच्या लहानग्या मुलाला गादीवर बसवलं, तोच तिसरा रघुजी. त्याला सांभाळायचं काम बाकाबाईकडे. डिसेंबर १८५३ मध्ये तो निपुत्रिक वारला अन् डलहौसीने राज्य खालसा केलं. मग वाड्यातले दागिने, हत्ती, घोडे, बैल लिलावात काढले. म्हातारी बाई त्या वेळी ज्या परिस्थितीत होती ती डोळ्यांसमोर आणा.

१८५७ मध्ये तिने उठावाला साथ दिली नाही, हे खरं. पण दत्तक घेतलेल्या जानोजीला काहीतरी मिळावं म्हणून ती झगडत होती. ती १८५८ मध्ये वारली. त्यानंतर तेवीस वर्षांनी काळी मारबत सुरू झाली. मला विचाराल तर गोकुळात आलेल्या पूतनेची गोष्ट त्या पुतळ्याला जास्त जुळते, अन् रोगराई घालवायची रीत तर त्याहूनही जुनी. एका विधवेच्या माथी एवढं सगळं मारायचं आपल्याला बरं जमतं.

बर्डीचा_बब्या
पण सर, लोक म्हणतात ते का उगाच म्हणतात का? माझा आजा सांगायचा. त्याचा आजा त्याला सांगायचा.

जुने_कागद
आजोबा सांगतात ती गोष्ट आजोबांच्या पिढीचा राग सांगते. राग खरा असतो. ज्याच्यावर काढला तोच दोषी होता, हे त्यावरून ठरत नाही.

गडर_लाईन
पेशाने सिव्हिल. लक्ष्मीनगरला राहतो, काकांच्या भागात नेहमी येणं होतं. बाकाबाईचा विषय संपला असेल तर मी नालीचा काढतो, कारण काकांनी तो मघाशी टाळला.

सिमेंटचा रस्ता का उंच होतो? नीट करायचा तर जुना रस्ता खणून काढायचा, खाली मुरूम-गिट्टी दाबायची, त्यावर एक कच्च्या काँक्रीटचा थर, वर पक्का. खणायचं टाळलं की हे सगळे थर जुन्या रस्त्याच्या डोक्यावर बसतात. फूट-दीड फूट तिथेच गेला. ही चूक करणाऱ्याची, त्यात वाद नाही. तेवढ्यापुरता तुमचा बडग्या बरोबर.

दुसरं असं. डांबरी रस्ता असताना त्याच्या दोन्ही बाजूंना मातीची पट्टी असायची. पाणी प्यायचं काम ती करत होती. आता भिंतीपासून भिंतीपर्यंत सिमेंट. पाणी मुरणार कुठे? ते मधल्या उतारावरून कडेला येतं अन् नाली शोधतं. तुमच्या भागाचा उतार नाग नदीकडे आहे, नाली उघडी असली तर पाणी आपसूक जाईल.

म्हणून एकच प्रश्न विचारतो, काका, रागावू नका. तुमच्या गल्लीत गाडी चढवायला नालीवर रॅम्प किती घरांनी बांधले आहेत?

महालकर_काका
रस्ता दीड फूट उंच करून ठेवला, आता गाडी काय उचलून आत घ्यायची? रॅम्प बांधावाच लागतो.

गडर_लाईन
बांधा. पण नालीच्या वर लोखंडी जाळी टाकून, उचलता येईल असा. सिमेंट ओतून नालीचं तोंड बंद करून नाही. किती आहेत?

तर्रीपोहे
काका ऑफलाईन.

तेवीस_सप्टेंबर
नाव बघून कळलंच असेल. २०२३ मध्ये आम्ही अंबाझरी लेआउटला तळमजल्यावर भाड्याने होतो. २३ सप्टेंबरची पहाट. काही तासांत १०० मिलिमीटरच्या वर पाऊस, अंबाझरी तलाव ओसंडला अन् नाग नदी घरात आली. मी आधी उठलो ते आवाजाने. फ्रिज आडवा होऊन दाराला धडका देत होता. दार आतून उघडेना, पाणी बाहेरून दाबत होतं. खिडकीची जाळी पोळपाटाने तोडली. आईला वरच्यांनी साडीला धरून ओढून घेतलं. सकाळी गल्लीत होड्या फिरत होत्या, ज्या रस्त्यावर आदल्या दिवशी मी पाणीपुरी खाल्ली होती.

त्यानंतर महिनाभर सगळे एकच बोलत होते, कोणी काय अडवलं, कोणी कुठे भिंत घातली. नंतर आमच्या जुन्या घरमालकाने मागची भिंत परत बांधली, पहिल्यापेक्षा दोन फूट पुढे. आम्ही आता तिसऱ्या मजल्यावर राहतो. पाऊस आला की अजून उठून खाली बघतो.

इतवारीची_सून
बाप रे. आई बऱ्या आहेत ना आता?

तेवीस_सप्टेंबर
बरी आहे. पोळपाट मात्र तिने नवा घेऊ दिला नाही. तोच वापरते, कडेला खाच पडलेला.

महालकर_काका
आलो. ऑफलाईन नव्हतो, मोजायला गेलो होतो. टॉर्च घेऊन.

गल्लीत तेवीस घरं. सतरांचे रॅम्प पक्के, नालीवर सिमेंट. दोघांनी जाळी टाकली आहे. एकाने नालीवर तुळशीवृंदावन बांधलं आहे, त्याला कोण काय बोलणार. उरलेल्या तिघांकडे गाडीच नाही, अन् पाणी सगळ्यात जास्त त्यांच्याच घरात शिरलं.

सतरांत माझा आहे. माझा सगळ्यात रुंद आहे, कारण जावई मोठी गाडी घेऊन येतो. वर्षातून दोनदा.

बर्डीचा_बब्या
काका, तुम्ही ग्रेट आहात. पण आता बडग्या कोणाचा?

महालकर_काका
तोच तर घोळ झाला. आज परत बैठक झाली अन् मी हा आकडा सांगितला. आधी शांतता. मग मेडिकलवाले म्हणाले, "मग काय आता आपलाच पुतळा जाळायचा?" मग जो गलका झाला तो सांगण्यासारखा नाही. ज्याने सगळ्यात जास्त वर्गणी दिली त्याचा रॅम्प गल्लीच्या तोंडाशी आहे, तो म्हणाला पैसे परत द्या. गॅलरीतून एका मावशीने आवाज दिला, "द्या त्याचे पैसे, अन् बडग्याला त्याचीच पँट घाला!" शेवटी तोच हसला, म्हणून निभावलं.

ठरलं ते असं. बडग्या एकच, धड दोन. समोरून कंत्राटदार, हातात गिट्टीचं घमेलं. पाठीमागून गल्लीतला माणूस, चष्मा, पोट सुटलेलं, पायाखाली रॅम्प. समोरच्या पाटीवर काटोलकरांची झडती. मागच्या पाटीवर पोट्ट्यांनी लिहिलं, 'गाडी वर, पाणी घरभर'. पोट अन् चष्मा माझाच आहे असं सगळे म्हणतात. मी काही बोललो नाही.

कुत्र्यांची पार्टी नाराज आहे. त्यांना पुढच्या वर्षीचा शब्द दिला.

काटोलकर
माही झडती शहरात जाळणार! गावात सांगतो सगळ्यायले.

पुण्यातला_नागपूरकर
नंदीचं काही जमलं का?

इतवारीची_सून
नाही जमलं भाऊ. तिघांना विचारलं. एक म्हणाले दिवाळीनंतर आणा. पण त्यांच्यातल्या म्हाताऱ्या बाबांनी एक सांगितलं, जुन्या लाकडाला नवी लाकडी चाकं लावू नका, आस मोडेल. हलकी चाकं लावा, कशाचीही.

महालकर_काका (पोळ्याच्या दिवशी)
पुतळा तयार आहे, चौदा फूट. काल रात्री चेहरा रंगवला. कंत्राटदाराचा चेहरा कोणासारखा करायचा नाही अशी सक्त ताकीद होती, त्यामुळे तो आता सगळ्यांसारखाच दिसतो. पुरणपोळी खाऊन बसलो आहे, तुपाची वाटी अजून समोर आहे. उद्या सगळ्यांना आवतन.

इतवारीची_सून (मारबतीच्या दिवशी, सकाळी)
आमच्या रस्त्यावर सहापासून दोन रांगा. एक मारबत बघायला जागा धरणाऱ्यांची, दुसरी मटणाच्या दुकानापुढे. श्रावण संपला ना काल. दुसरी रांग मोठी आहे.

बर्डीचा_बब्या
मी दुसऱ्या रांगेत आहे. सावजी मसाला घरी काल रात्रीच कुटून ठेवला.

तर्रीपोहे
लाईव्ह देतो. पिवळी निघाली. ढोल एवढे की स्वतःचं बोलणं ऐकू येत नाही. महागाईचे बडग्ये भरपूर, पेट्रोलचा एक, परीक्षेच्या पेपरफुटीचा एक भारी आहे, त्याच्या डोक्याला झिप लावली आहे अन् उघडली की आतून प्रश्नपत्रिका पडतात. लोकं वेचून राहिले.

तर्रीपोहे
काळी अन् पिवळी समोरासमोर आल्या. अंगावर काटा आला. दरवर्षी येतो. "घेऊन जाय गे मारबत" एकदम हजारो लोक ओरडले. माझ्या बाजूला एक आजी उभ्या आहेत, त्या हळूच "आमच्या नातवाची दारू घेऊन जाय" म्हणाल्या. कोणाला ऐकू गेलं नाही, मला गेलं.

तर्रीपोहे
महालच्या गल्लीचा दोन तोंडांचा बडग्या आला! पब्लिक आधी समोरून हसलं, मग मागून बघून जास्त हसलं. एक जण ओरडला, "काका, हा तर तुम्हीच!" काका बडग्याच्या शेजारीच चालत होते. त्यांनी हात जोडले.

इतवारीची_सून
एक सहा वर्षांचा मुलगा, कृष्णाचा पोशाख, हातात छोटा लाकडी बैल, आमच्या दुकानाच्या पायरीवर एकटा रडत बसला होता. नाव सांगत नव्हता, फक्त म्हणत होता "माझा बोजारा हरवला". त्याला मिळालेले पैसे हो. चौकातल्या पोलिसांकडे नेऊन दिला, पंधरा मिनिटांत आई सापडली. बोजारा सापडला नाही. आमच्या दुकानातल्या सगळ्यांनी मिळून नवा दिला, तर पहिल्यापेक्षा जास्त झाला. जाताना पोरगं विचारत होतं, मी उद्या पण येऊ का?

पुण्यातला_नागपूरकर
हाहा! आमचा पोळा पण झाला. म्हाताऱ्या बाबांचं ऐकलं. मुलीच्या जुन्या स्केटबोर्डची चाकं काढून नंदीला लावली. सोसायटीच्या पार्किंगमध्ये नंदी एवढा पळाला की मुलगी मागे अन् तो पुढे. ज्यांनी पुरणपोळीचं विचारलं होतं त्यांनी शंभर रुपये बोजारा दिला. त्यांना शब्द पण पाठ झाला.

महालकर_काका (दुसऱ्या दिवशी)
खबर सांगायची राहिली. बडग्या जळला नाही.

नेमका जाळायच्या वेळी पाऊस आला. साधा नाही, आभाळ फाटलं. तणस आतपर्यंत भिजलं. कंत्राटदाराची बाजू थोडी धुमसली अन् विझली. मागची बाजू, म्हणजे माझी, कोरडीच राहिली होती कारण पुतळा उताणा पडला होता, तिला कोणी काडीच लावली नाही. सगळे पळत घरी आलो तर गल्लीत घोट्याएवढं पाणी. त्या तिघांच्या घरात परत शिरलेलं. त्यातल्या एकीने मला बघितलं, तिच्या हातात सूप होतं, त्याने पाणी बाहेर टाकत होती. काही बोलली नाही.

आज सकाळी ब्रेकरवाला बोलावला. माझा रॅम्प फोडला. खाली नालीत निघालं ते असं: अर्धी नाली घट्ट गाळ, गुटख्याच्या पुड्या पोतंभर, दोन क्रिकेटचे बॉल, आमचाच १९९८ च्या सुमारास हरवलेला पितळी गडवा, अन् रॅम्प बांधताना मिस्त्रीने टाकून दिलेल्या माझ्याच विटा. गाळ काढल्यावर मागे साचलेलं पाणी असं सुटलं की शेजारची पोट्टी कागदाच्या होड्या घेऊन आली.

सौ. गडवा घासून बघते आहे. चेपला आहे, पण गळत नाही.

गडर_लाईन
जाळी कितीची टाकणार? गाडी चढणार असेल तर पातळ पट्टी चालणार नाही, वाकेल. माप द्या, सांगतो. अन् एका माणसाला उचलता येईल एवढ्या तुकड्यांत करा.

महालकर_काका
माप उद्या देतो. जावयाला सांगितलं आहे, यापुढे गाडी चिटणीस पार्कजवळ लाव अन् चालत ये. मेडिकलवाले दोनदा येऊन नालीत वाकून बघून गेले. काही बोलले नाहीत, फक्त ब्रेकरवाल्याचा दिवसाचा भाव विचारला.

बर्डीचा_बब्या
भाव काय आहे काका? आमच्या गल्लीत बी लागणार आहे.

महालकर_काका
खाजगीत निरोप पाठवतो.